अँपवरचे पुसलेले ठिपके

आमचे हे बेस गिटार वाजवतात असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे ती चार तारांची ना? ती ऐकू कुठे येते?" मी उत्तर देणं सोडून दिलंय. दिवसभर वर्कशॉपमध्ये पाण्याच्या पंपांच्या मोटारी उघडायच्या, संध्याकाळी हात घासून गिटार घ्यायची, आणि रविवारी मास्तरांच्या बँडमध्ये ड्रम आणि भिंतीच्या मधल्या बोळकांडीत उभं राहायचं. बावीस वर्षं हेच. एक कार्यक्रम चुकवला नाही, आणि एका फोटोत धड आले नाहीत. कुठे खांदा, कुठे कोपर.

खोटं कशाला बोलू, त्यांचा तो आवाज मलाही कधी आवडला नाही. मी आतल्या खोलीत शिलाई मशीनवर, हे बाहेरच्या खोलीत गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या छोट्या अँपसमोर. नाक चिमटीत धरून कोणी कुरकुरावं तसा आवाज यायचा. मशीन थांबवून मी ओरडायची, "अहो, जरा गोड करा ना!" मग ते मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉब खाली आणायचे, बेसचा, म्हणजे खालच्या सुरांचा, वर न्यायचे, आणि सगळं कसं लोण्यासारखं मऊ व्हायचं.

"मग हेच ठेवा की कायमचं."

"घरात ठेवतो. बँडमध्ये नाही."

एकदाच त्यांनी नीट समजावलं. "खालच्या सुरांत ड्रम असतो, मास्तरांच्या कीबोर्डचा डावा हात असतो. मीही तिथेच घुसलो तर नुसती गर्दी. मला मधेच जागा आहे. तो आवाज एकटा ऐकला तर वाईटच लागतो." मला पटलं. कॉलरमधलं बक्रम हातात घेऊन बघा, पुठ्ठ्यासारखं टोचतं. पण ते काढलं की कॉलर मान टाकते.

बँडच्या मोठ्या अँपवर ही मधली जागा सापडायला त्यांना काही वर्षं लागली. मिड बराच वर, बेस अर्ध्याच्या किंचित खाली. पायाशी दोन पेडल. एक हलके-जोरात वाजलेले सूर सारखे करणारं, दुसरं अगदी चिमूटभर खरखर देणारं. सेटिंग हलू नये म्हणून मी माझी लाल नेलपॉलिशची बाटली दिली. माझ्या नखांना ती कधी लागली नव्हती, निदान नॉबना तरी लागली. प्रत्येकावर एक ठिपका.

यंदा मास्तरांचा जावई आला. कुठलासा साउंडचा कोर्स करून. मास्तर आधीपासूनच म्हणत होते, "बेस काय, माझा डावा हातही वाजवेल. वार्षिक कार्यक्रम होऊ दे, मग बघू बेसकाकांना ठेवायचं का." हे टांगत्या तलवारीखाली, आणि शनिवारी त्या जावयानं प्रत्येकाला एकेकटं वाजवायला लावलं. ह्यांचं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हे काय? डब्यात माशी अडकलीय जणू!" नॉबवरचे ठिपके डाग समजून स्पिरिटनं पुसले, पेडलवरचेही. मिड तळाला नेला, बेस चढवला, पेडलचेही नॉब फिरवले, आणि काही हलू नये म्हणून वरून चिकटपट्ट्या लावल्या. मास्तरांनी वर बजावलं, "हात लावायचा नाही. शब्द द्या."

ह्यांनी शब्द दिला! घरी येऊन मला चार वाक्यांत सांगितलं आणि जेवायला बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेकट्याला उभं करून कोणी बँड तपासतं का? मग मीही कपडे शिवण्याआधी गिऱ्हाइकाला नुसतं बक्रम घालून फिरवू का!

रविवारी दुपारी चार वाजता मी वार्षिक कार्यक्रमाला हॉलमध्ये चौथ्या रांगेत जाऊन बसले. पहिल्या गाण्यातच नुसतं घुमायला लागलं. खिडकीची तावदानं थरथरत होती आणि सूर म्हणाल तर एक कळत नव्हता. गाणारी बिचारी चाचपडत होती, दोनदा सुरातून घसरली. मास्तर मान वळवून खुणावत होते, वाढवा, वाढवा. ह्यांच्या हातात उरला होता गिटारवरचा व्हॉल्यूम. तो वाढवला तर तावदानंच जास्त वाजली.

मध्यंतरात मी पाण्याची बाटली घेऊन स्टेजच्या पायरीशी पोचले, तर मास्तर सगळ्यांदेखत बोलत होते. "बावीस वर्षांत शिकलात काय? यापेक्षा माझा डावा हात बरा." जावई शेजारीच उभा, आपल्या मोबाइलमध्ये बघत. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि हा संन्यासी गिटारची वायर सरळ करत उभा.

सगळे चहाला गेले. मी वर चढले. "फिरवा तो नॉब."

"शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. मी नाही." मी पट्ट्या टराटरा उपटल्या. खाली ठिपके कुठे होते? नॉब लख्ख. "सांगा, कुठे होतं?"

"सांगितलं तर हात लावल्यासारखंच झालं."

असा माणूस! त्या क्षणी मास्तरांपेक्षा मला ह्यांचाच जास्त राग आला. पण त्यांनी न बोलता हलकेच एक तार छेडली आणि छेडतच राहिले. मी मिड वर नेत गेले, बेस उतरवला. अजून गोडच. अजूनही गोडच. मग एकदम ती कुरकुर आली, जिच्यामुळे माझं डोकं उठायचं, तीच. मी हात काढला. पेडलचंही तसंच केलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसले.

दुसऱ्या भागात तावदानं गप्प झाली. एकेक सूर पायरीसारखा कळत होता. गाणारीचे खांदे खाली आले, ड्रमवाला मान डोलवायला लागला. शेवटी टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर मास्तर काय म्हणाले? "बघितलंत? अँप तापल्यावर जावईबापूंचं सेटिंग कसं बसलं!"

आयत्या बिळावर नागोबा! मी सरळ पुढे झाले आणि पर्समधल्या चिकटपट्ट्या त्या जावयाच्या तळहातावर चिकटवल्या. "हे तुमचं सेटिंग. मध्यंतरापासून माझ्या पर्समध्ये आहे."

मास्तर गरकन वळले. "मग फिरवलं कोणी?"

"हिनं," हे म्हणाले. संपूर्ण दिवसातलं त्यांचं मास्तरांशी एवढंच बोलणं.

जावई वाकून नॉब बघत होता. कान लाल झाले त्याचे. "हे तर... काकांचं कालचंच आहे."

मास्तर कीबोर्डची वायर गुंडाळत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "बेसकाका, पुढच्या रविवारी चारला प्रॅक्टिस आहे. उशीर नको." माफीचा मा नाही! बावीस वर्षांत ज्यांना एकदा उशीर झाला नाही, त्यांना! माझा तो राग अजून गेलेला नाही, आणि जायची घाईही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत ब्लाउजला काज करत होते. बाहेर कुरकुर सुरू झाली. मी दोरा भरायला मशीन थांबवलं, आणि लगेच आवाज मऊ पडायला लागला. मी तोंड उघडण्याआधीच! मशीन थांबलं की मिड खाली, ही सवय ह्यांना लावली कोणी? जावई तर परवा आला. त्याआधी 'गोड करा' म्हणून ओरडत होते ती मीच.

मी दोरा तोंडात तसाच धरून ओरडले, "खबरदार त्या नॉबला हात लावाल तर!"