आतल्या बाजूचे ओरखडे

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक माझं, दुसरं चष्मेवाल्यांचं. जन्मभर भिंगं घासून त्यांचे स्वतःचे डोळे अधू झाले, पण बोटं मात्र तरणीताठी राहिली. दुकान बंद केल्यावर त्या बोटांना त्यांनी एकच काम दिलं. ज्या कुलपाच्या खोक्यावर ‘हे कुणालाही उघडता येणार नाही’ असं छापलेलं असे, नेमकं तेच विकत आणायचं आणि किल्लीशिवाय उघडायचं. गाडीच्या वायपरमधली पोलादी पट्टी घासून त्यांनी बारीक आकडे केले होते. डोळे मिटून ते कुलपात आकडा फिरवत, तेव्हा मला तापलेल्या लेकराची नाडी बघणारा डॉक्टर आठवे.

“चांगलं कुलूप आधी थाप मारतं, बाई,” ते सांगत. “जरासं फिरतं. वाटतं, उघडलं. तिथं जो हुरळला, तो फसला.”

या छंदाचा एक दंडक होता आणि तो त्यांनी देवाच्या शपथेसारखा पाळला. वापरातल्या कुलपाला आकडा लावायचा नाही, मग ते स्वतःच्या घराचं का असेना. एकदा त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, किल्ली आत विसरल्या. सोबत त्यांची आईही होती. जावईबापूंनी सासूबाईंना जिन्यात बसवून ठेवलं, पण खिशातला आकडा काढला नाही. किल्लीवाल्याला बोलावणं धाडलं. म्हातारीनं पुढे मरेपर्यंत त्यांना ‘आमचे कुलूपशास्त्री’ असं म्हणून उट्टं काढलं.

अशा माणसानं एके सकाळी माझं दार वाजवलं. चेहरा उतरलेला. घराच्या दाराचं कुलूप ते अधूनमधून उतरवून पुसत, तेल देत. त्या दिवशी भिंगाखाली त्यांना किल्लीनं वर सरकणाऱ्या आतल्या पिनांवर ताजे, केसासारखे बारीक ओरखडे दिसले होते. किल्लीचे नव्हेत, आकड्याचे.

“शिकलेला हात आहे,” ते म्हणाले. आवाजात भीती होती आणि थोडं कौतुकही.

त्यांनी याहून अवघड कुलूप आणून बसवलं. थोड्याच दिवसांत त्याच्याही पिना ओरबाडलेल्या निघाल्या. घरातली वस्तू मात्र एकही हललेली नव्हती. वहिनींची झोप उडाली. दुपारी पाठ टेकायच्या आधी त्या दाराला आतून किल्ली फिरवत आणि ती कमरेच्या पिशवीत खोचून ठेवत. मग चष्मेवाल्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती त्यांनी मला जिन्यात, अगदी हळू आवाजात सांगितली. त्या कुलपाला दोन्ही बाजूंनी किल्ली लागते, प्रत्येक बाजूच्या पिना वेगळ्या. ओरखडे फक्त आतल्या बाजूला होते.

“तो बाहेरून येत नाही, बाई. तो घरातच आहे.”

त्या दिवसापासून ते टॉर्च घेऊन कपाटं उघडू लागले. पलंगाखाली वाकून बघू लागले. जेवताना मध्येच घास थांबवून कानोसा घेत. मी वहिनींना म्हटलं, यांच्या छंदातलं कुणीतरी बोलवा. त्यांच्यासोबत कुलपं उघडायला बसणारा एक शिंपी होता, तो आला. त्यानं पिना कागदावर मांडल्या आणि भिंगातून पाहिल्या. चष्मेवाले मोरीत टॉर्च मारून बघायला गेले, तेव्हा त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं.

“वहिनी, हे दुसऱ्या कुणाचं काम नाही. सगळ्या रेघा डावीकडे झुकलेल्या आहेत. आम्हा सगळ्यांत डावखुरा चष्मेवालाच एकटा.”

वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. आतून चष्मेवाल्यांचा आवाज आला, इथं कुणी नाही, आता माळा बघतो.

मग एक दुपार आली. वहिनींचा डोळा लागला होता. किल्ली त्यांच्या कमरेला तशीच होती, दार मात्र सताड उघडं. ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले, अनवाणी. दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दुकान उघडायची वेळ टळली, असं ते ट्रकवाल्याला समजावत होते. हातात आकडा होता. तो कुठून आला, हे त्यांना सांगता येईना.

आकडे काढून घेतले, तर त्यांनी छत्रीच्या काडीचा नवा केला. कुलूप बदललं, तर त्यांची बोटं खुललीच. नाव-गाव निसटत चाललेल्या त्या माणसाची बोटं तेवढी काही विसरत नव्हती. शेवटी शिंप्यानंच तोड काढली. जिथं किल्लीचं भोक नाही, तिथं त्याचा हात चालत नाही. दाराला बाहेरून साधी कडी बसवली. वहिनी आराम करतात तेवढा वेळ ती मी लावते आणि माझं दार उघडं ठेवून समोरच खुर्ची टाकून बसते. आत दोन माणसं आहेत, हे एक क्षणही विसरून चालत नाही.

काल कडी लावून बसले होते. पलीकडून खरखर सुरू झाली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. दार ओढलं गेलं, हललं नाही. मग त्यांची बोटं फळीवरून वरखाली फिरू लागली, भोक शोधत. ती थांबली. अगदी फटीशी तोंड आणून ते कुजबुजले.

“बाई, तुम्ही आहात ना? उघडा. तो इथंच आहे. माझ्या मागं उभा आहे.”

मी उठून कडीवर हात ठेवला. त्यांच्या मागून वहिनींचा झोपाळलेला, शांत आवाज आला.

“बाई, उघडू नका.”