ताज्या हिरव्या रंगाचा शेठ

कॅम्प चारच्या बाजारात एक शेठ जुनी लेथ मशीनं विकायचा. मशीन जितकं झिजलेलं, तितका त्याच्यावरचा हिरवा रंग ताजा. गिऱ्हाईक आलं की मशीनला म्हशीसारखं थोपटत म्हणायचा, "काका, मक्खन है मक्खन!" अंबरनाथच्या कारखान्यात माझा जन्म लेथवर गेला, मला काय मक्खन सांगतो? मला परवडणारं एकच होतं. चालू करायला लावलं, तर गिअर खडखडायला लागले.

मी म्हणालो, "शेठ, भंगार आहे हे. बायको गेली, घर खायला उठतं, म्हणून घरात मशीन पाहिजे मला."

त्यानं थोपटणं थांबवलं. "तो यही ले लो काका. घरात आवाज तर राहील."

घेतलं. त्या थापाड्याचं तेवढं एकच बोलणं खरं निघालं.