कागदावरचा संधिवात

दीड वर्षापूर्वी, जून महिन्यात, मी अंथरुणाला खिळले होते. मला स्वतःला ही बातमी जरा उशिराच कळली. त्या सकाळी मी गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती आहे ते बघून आले होते, आणि खाली उतरते तोच मुलाने माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला.

"आई, इथे सही कर. वाचत बसू नकोस."

वाचू नकोस म्हटलं की मी चष्मा शोधते, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं. कागदात लिहिलं होतं की मी सिन्नरला एकटी राहते, संधिवातामुळे मला उठता येत नाही, माझी देखभाल करण्यासाठी माझी नात माझ्याकडे राहायला येणार आहे, आणि म्हणून तिला बारावीसाठी नाशिकमधलं कॉलेज सोडून सिन्नरच्या कॉलेजात प्रवेश मिळावा. सोबत ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेटही होतं.

"संधिवाताने माणूस एवढा खिळतो होय रे? लिहायचंच होतं तर जरा भारदस्त तरी लिहायचंस."

"आई, ही फॉर्मॅलिटी असते."

आता हा काय प्रकार ते सांगते. नातीला फार्मसीला जायचं होतं. हौस म्हणून नाही. माझ्या गोळ्यांच्या पाकिटातले बारीक अक्षरांचे कागद ही पोरगी आठवीपासून वाचते. मी दोन वेगवेगळ्या नावांची एकच गोळी घेत होते, ते तिनेच पकडलं. तर अकरावी झाल्यावर तिच्या सीईटीच्या क्लासच्या सरांनी पालकांना सुचवलं, की आताचं कॉलेज सोडा आणि लांबच्या एखाद्या कॉलेजात नाव घाला. तिथे हजेरी विचारत नाहीत, प्रॅक्टिकलचे मार्क आपोआप पडतात, मूल दिवसभर क्लासमध्ये बसतं. नाव एकीकडे, मूल दुसरीकडे. याला आमच्याकडे कुणी लबाडी म्हणत नाही, सोय म्हणतात. फक्त कॉलेज बदलायला कारण दाखवावं लागतं. आमची बदली झालेली नव्हती, नाशिक रोडचं घरही बदललेलं नव्हतं. उरलं आजारपण, आणि आजारी पडण्याच्या वयाची घरात मी एकटीच. त्यात माझ्या आधार कार्डावर अजून सिन्नरच्या जुन्या घराचा पत्ता. तो बदलायचा मी आळस केला, आणि त्या आळसावर मुलाने अख्खा संधिवात उभा केला.

"तुला जायचंय का?" मी नातीला विचारलं.

तिने खांदे उडवले. "सगळे जातायत. नाही गेलं तर मागे पडू म्हणतात सर." मग म्हणाली, "कर ना गं सही. तूसुद्धा पणजी आजारी होती म्हणूनच सायन्स सोडलं होतंस ना? घरासाठी करावं लागतं कधीकधी."

माझा हात पेनावर होता. तो मी काढून घेतला.

"आधी मला कॉलेज दाखवा," मी म्हणाले. "जिथे खिळायचं ते गाव माहीत आहे, शेजार बघून येऊ."

मुलगा चिडून ऑफिसला गेला. आम्ही दोघी एसटीने सिन्नरला.

कॉलेज स्टँडपासून बरंच आत होतं. इमारत चांगली, रंग ताजा, आणि सगळीकडे अशी शांतता की चप्पल वाजली तरी ओशाळल्यासारखं व्हावं. ऑफिसात एक क्लार्क होते. नातीने नाव सांगितल्यावर त्यांनी फाइल काढली. मुलाने अर्जाची प्रत आधीच पाठवून ठेवली होती.

"हां, हे बघा. आजी अंथरुणाला खिळून हाय, बरोबर? आजींची सही ऱ्हायलीय फक्त." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही कोन?"

"मीच ती. आज जरा उतार पडलाय."

नातीने ओढणी तोंडाला लावली. क्लार्क बिचारे भले होते. हसले, खुर्ची पुढे केली, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आजी, लय जणांच्या आज्या आजारी हायेत या वर्षी."

मी म्हटलं, प्रयोगशाळा दाखवा. त्यांनी चावी शोधली, ती मिळाली नाही. "परीक्षेच्या टायमाला उघडतो ना. पोरांना काय त्रास नाय आपल्याकडं." मग आम्ही खिडकीतूनच पाहिलं. ओट्यांवर मोडके बाक आणि खेळाच्या गाद्या रचलेल्या होत्या. कोपऱ्यातल्या खोक्यांवर ब्युरेटच्या काचेच्या नळीचं चित्र, आणि खोक्यांची चिकटपट्टी अजून जशीच्या तशी. नात काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. तिच्या कॉलेजात टायट्रेशनच्या प्रयोगात गुलाबी रंग येतो तेव्हा कसा एका थेंबाने येतो, हे ती मला जेवताना सांगायची, तेव्हा मी फक्त हं हं करायचे.

स्टँडवर उसाचा रस घेतला आणि बाकावर बसलो. तिथे मी तिला सांगितलं. पन्नासहून जास्त वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी आई आजारी नव्हती. ज्या दिवशी मी कॉलेज सोडलं त्या दिवशी ती पिंपळगावला आमच्या कांद्याच्या चाळीत सहा बायांवर ओरडत कांदा निवडत होती, आणि तिचा आवाज हायवेपर्यंत जात होता. आजारी नव्हती, कधी नव्हतीच. मला औषधांचं दुकान काढायचं होतं. आमच्या गावात दुकानदार पांढरा कोट घालून, कुणालाही न लागणारं डॉक्टरचं अक्षर घडाघडा वाचायचा; मला तसं व्हायचं होतं. म्हणून नाशिकला सायन्सला आले. तेव्हा पिपेटच्या काचेच्या नळीत द्रव तोंडाने ओढायचे. दोन वेण्या, त्यांना रिबिनी, आणि आपण फार हुशार असा समज. अशी ती मी. सर म्हणाले हळू ओढा. मी ओढलं ते उसाच्या रसासारखं. धुण्याच्या सोड्याचं पाणी, तोंडभर. मी ते सरांच्या बुटांवर थुंकले आणि ओरडले, "लय खारट हाय!"

वर्ग हसला. त्यात काय मोठं? पण त्या रिबिनवाल्या बाईंना वाटलं, जग संपलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: आईची प्रकृती ठीक नसल्याने मला दाखला मिळावा. आणि दुसऱ्या कॉलेजात आर्ट्सला जाऊन बसली. वडील खरं तर सायन्स सोडू नको म्हणत होते. त्यांना सांगितलं, तिथले सर मुलींना शिकवत नाहीत. आईला सांगितलं, वडीलच सायन्स नको म्हणतात. पुढे सासरी, मुलांना, सगळ्यांना तीच आजारी आई. लोक हळहळायचे आणि मी ती हळहळ ऐटीत घ्यायचे. मूर्ख ती मूर्ख, वर त्यागमूर्ती!

नात हसून हसून रस सांडेपर्यंत आली.

"म्हणजे तू पळालीस."

"पळाले."

"आणि आत्ता सही करायची नाही म्हणतेस. मी पळू नये म्हणून?"

"तुला जायचं तर जा. सीईटी तुला द्यायचीय, मला नाही. सही मी करते. पण कारण खरं लिही. आजीचा संधिवात नको. लिही, मला मागे पडायची भीती वाटते म्हणून कॉलेज बदलायचंय. त्याच्याखाली मी दोन सह्या करते, हव्या तर अंगठाही उठवते."

तिने खरंच पिशवीतून वही काढली. 'मा. प्राचार्य यांस' लिहिलं. 'मला' लिहिलं. आणि पेन टेकवून बसली. नाशिक रोडची एक एसटी लागली, भरली, गेली. दुसरी लागली तेव्हा तिने वही मिटली.

"लॅब कुलपात आहे गं त्यांची," ती म्हणाली. "चल."

घरी तमाशा झाला. मुलगा म्हणाला, तू तिच्या वर्षाचं वाटोळं करतेयस. मी म्हटलं, निर्णय तिचा आहे, पण दोष द्यायचाच असेल तर मला दे, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, प्रॅक्टिकलच्या दिवशी घामाघूम. वर्षभर पोरगी थकली, दोनदा रडलीही. सीईटीत क्लासच्या इतर मुलांपेक्षा कमी मिळाले. घराजवळच्या फार्मसी कॉलेजात नंबर लागला नाही. लागला तो लांबच्या कॉलेजात, रोज बस बदलून जावं लागतं. मुलगा अजून म्हणतो, तिकडे गेली असती तर. असेल. मी वाद घालत नाही, आणि माघारही घेत नाही.

परवा ती कॉलेजातून आली तेव्हा तिच्या ऍप्रनच्या खिशात एक लाल रबरी फुगा राहिला होता. म्हणाली, "हा पिपेटला लावतात आता. तोंड लावायचं नसतं, आजी." मी तो दाबून पाहिला. फुस्स झालं.

आणि गेल्या आठवड्यात एका लग्नात कुणीतरी जुनी ओळखीची बाई भेटली. गालावर हात ठेवून म्हणाली, "किती हुशार होतीस गं तू, आई आजारी पडली आणि सायन्स राहिलं." मी म्हटलं, "आई ठणठणीत होती. मी घाबरट होते." तिने गालावरचा हात काढला. मी जिलबीच्या रांगेत पुढे सरकले, संधिवाताने खिळलेल्या पायांनी.