खंडेनवमीचा प्रेस

आज खंडेनवमी. सकाळी आकुर्डीत रिक्षासाठी झेंडूचा हार घेतला. ओल्या झेंडूचा कडवट वास नाकात गेला आणि मी मनाने पुन्हा चाकणला, आमच्या कंपनीच्या बंद गेटसमोर जाऊन बसलो.

प्रेसखाली पत्रा दाबून मोटारींचे दरवाजे बनवणारी कंपनी. त्या वर्षी आमचा संप लांबला होता, तरी आम्ही हार-नारळ घेऊन गेलो होतो. या दिवशी मशीन धुऊनपुसून पुजायचं आणि दिवसभर बंद ठेवायचं, हा रिवाज मालकानेही कधी मोडला नव्हता. आत सोडलं नाही, म्हणून आमच्यातल्या सगळ्यात जुन्या गेनूमामांनी हार गेटलाच बांधला. नारळाचं पाणी तापलेल्या डांबरावर सांडलं.

तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. मग दुसरा. पायाखालची जमीन हलकेच हादरली.

"आपलाच प्रेस हाय," मामा म्हणाले. "ठेकेदारानं आणलेल्या पोरांनी चालू केला."

"आज?" मी विचारलं.

 मामांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. घोषणा कुणीच दिली नाही. आम्ही खोबरं चावत ते ठोके ऐकत राहिलो. तेव्हा मला फक्त मालकाचा राग आला होता. आता वाटतं, संप तिथंच संपला. पुढचे महिने आम्ही नुसते बसून होतो.

रिक्षाला हार बांधून नमस्कार केला, तोच एक बाई आल्या. हाराकडे बघून थबकल्या.

"पूजा केलीये. आज बंद असेल ना?"

"चालू आहे," मी म्हणालो. "बसा."