नहरीचा धडा

बाई बोलताना डोळे मिटून घ्यायच्या. वर्गात फळ्यापुढे असोत, नाहीतर माझ्या खोलीत माइकसमोर, पहिलं वाक्य सुरू झालं की पापण्या खाली यायच्या आणि ज्याच्याशी बोलायचं ते माणूस त्यांना आत कुठंतरी दिसायला लागायचं. त्यामुळे त्यांचं बोलणं कधी घोषणा वाटलं नाही. कुणीतरी उशाशी बसून सांगतंय, असं वाटायचं.

शहरातल्या गारखेड्यात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या टांगलेल्या. साड्यांचे सेल, फर्निचरची प्रदर्शनं, शाळांचे प्रवेश अशा जाहिराती इथं तयार व्हायच्या आणि रिक्षावरच्या भोंग्यातून शहरभर फिरायच्या. बाई एका खासगी शाळेत इतिहास शिकवत. शाळा सुटली की हर्सूलला घरी जाण्याआधी माझ्याकडे जाहिराती वाचून जात. मला ‘बाबा’ म्हणत. त्यांच्या गावाकडे, सोयगावला, सगळ्यांनाच तसं म्हणतात.

हळूहळू दुकानदारांनी भोंगा सोडला. त्यांना मोबाइलवर पाठवता येईल, आणि गिऱ्हाईकच गिऱ्हाइकाला पुढं पाठवील, अशी छोटी ऑडिओ जाहिरात हवी होती. मी मात्र जुन्याच सवयीनं दणदणीत वाक्यं लिहीत राहिलो. बाईंनी एकदा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “हे आता कानात जाणार हाय, बाबा. ऐकणारीचे हात कणकीत असतेत. तिच्यावर वरडू नको.” मग त्यांनी साडीच्या दुकानासाठी माइकवर एवढंच विचारलं, की आईला कोणता रंग आवडायचा, आठवतंय का? मग थोडं थांबून दुकानाचं नाव. ती जाहिरात गावभर फिरली. माझ्या मावसबहिणीनं ती मलाच पाठवली आणि खाली लिहिलं, ऐक, रडू येतं.

त्याच सुमारास बाईंची एक जुनी विद्यार्थिनी कारखान्यात पॅकिंगला लागली. तिची बारावीची परीक्षा बाहेरून द्यायची राहिली होती आणि वर्गात येणं जमत नव्हतं. बाईंनी माझ्या खोलीत बसून तिच्यासाठी एक धडा रेकॉर्ड केला. हर्सूलकडून जमिनीखालून शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचा. भाजलेल्या मातीचे नळ, त्यातून अंधारात वाहत येणारं पाणी, पाण्याचा दाब सावरायला वाटेत बांधलेले मनोरे. दुपारची वेळ होती, पंखा बंद होता, आणि ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, की गोधड्यांच्या मागूनच कुठंतरी ते पाणी चाललंय.

पोरीनं तो धडा शेजारी काम करणारीला पाठवला, तिनं गावाकडच्या बहिणीला. मग बाई दर आठवड्याला धडा करू लागल्या. कुणी तो भाकरी थापताना ऐकत होतं, कुणी बसमध्ये, कुणी लेकराला झोपवताना. बाईंचे वडील, दादा, गावच्या विहारात लेकरांना सतरंजीवर बसवून वाचायला शिकवायचे. बाई म्हणायच्या, “दादांच्या पुढं सतरंजी तरी होती. माझी सतरंजी कुठवर गेलीय, मलाबी ठाव नाय.”

एक दिवस तो नहरीचा धडा फिरत फिरत माझ्याकडेच आला. सुरुवातीला संगीत, शेवटी शहरातल्या एका मोठ्या क्लासचं नाव आणि प्रवेश सुरू असल्याची सूचना. मी चिडलो. तक्रार करू म्हटलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. नावाचं त्यांना काही वाटलं नाही, पण शेवट ऐकून त्यांचा चेहरा उतरला. प्रत्येक धड्याच्या शेवटी त्या सांगत, की आता हे तुझ्या शब्दांत कुणाला तरी सांग. जाहिरातीला जागा करायला तेवढंच कापलं होतं.

“पुढं ढकललं म्हंजी शिकलं व्हय?” त्या म्हणाल्या. “सांगितल्याबिगर ते आपलं होत नाय.”

बाई त्या क्लासच्या मालकाला जाऊन भेटल्या. त्यानं चहा पाजला, आमच्यासाठीच बोला म्हणून नोकरी देऊ केली. शेवट जोडायचं मात्र कबूल केलं नाही. लोक तिथवर ऐकत नाहीत, म्हणाला. बाई नोकरीला नाही म्हणून परत आल्या आणि सगळे धडे पुन्हा बोलायला बसल्या. आता ते सांगणं त्यांनी मधेच गुंफलं. पाणी अर्ध्या वाटेवर असतानाच बाई थांबायच्या: इथं थांब, जवळच्या बाईला एवढं सांग, मग पुढं ऐक. कापायला गेलं तर धडाच तुटायचा.

हे धडे पुन्हा बोलत असतानाच त्यांचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही धुळीला दोष दिला. मग डॉक्टरांनी घशात गाठ आहे असं सांगितलं. ऑपरेशनच्या आधीचे दिवस त्यांनी माझ्या खोलीत काढले. बोलायच्या, कोमट पाणी प्यायच्या, पुन्हा बोलायच्या. शेवटचा धडा झाल्यावर त्यांनी माइकचं बटण स्वतःच बंद केलं.

गाठ निघाली, आवाज गेला. उरला तो नुसता श्वास, कान जवळ नेला तर शब्द कळावेत एवढा. वर्गात त्याचा उपयोग नव्हता. बाई शाळा सोडून सोयगावला भावाच्या शेतावर राहायला गेल्या.

मागच्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो. कापूस फुटला होता, ऊन मऊ होतं, आणि पांढऱ्या शेतात बायका सावकाश पुढं सरकत होत्या. बाईही वेचत होत्या. त्यांच्या शेजारी लांबच्या गावाहून नवीच आलेली एक बाई होती. तिच्या ओटीत मोबाइल होता आणि त्यातून आमच्या बाई बोलत होत्या, भरलेल्या, जुन्या आवाजात. मी बांधावर उभाच राहिलो. आवाज थांबला, जवळच्या बाईला सांग म्हणाला. त्या नव्या बाईनं मोबाइल बंद केला, वळून आमच्या बाईंकडे पाहिलं आणि नहरीची तिथवरची सगळी हकिकत त्यांना समजावून सांगितली. बाई मान डोलावत ऐकत होत्या. मधेच एक बोंड त्यांच्या हातातून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

संध्याकाळी त्या मला बसपर्यंत सोडायला आल्या. तो आवाज तुमचाच आहे हे तिला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी मला खाली वाकायला लावलं.

“पाण्यालाबी दम खायाला जागा लागती, म्हणून ते मनोरे बांधले, असं म्हणली ती,” बाई श्वासानंच बोलल्या. “हे मी कुठंच सांगितलं नाय, बाबा. हे तिचं हाय.”