तिसरी खुर्ची नाही

आधीच सांगून ठेवते. शेवटी आम्हाला मूल झालं का, हे मी इथे सांगणार नाही. हा प्रश्न मला जिन्यात विचारून झालाय, दुकानात विचारून झालाय, दुसऱ्यांच्या लग्नात विचारून झालाय, आणि एका महाभागाने तर मयताला आलेला असताना विचारलाय. तुम्ही तेवढी मेहरबानी करा, विचारू नका. ही गोष्ट माझ्या नणंदेची आहे.

नणंद म्हटलं की लोक लगेच कीव आल्यासारखा चेहरा करतात. करू नये. माझी नणंद मूल न होणाऱ्या जोडप्यांची डॉक्टर आहे. हॉस्पिटलात तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. मी तिला ताई म्हणते. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, म्हणून ती मला भिंगवाली म्हणते.

ती शिकत होती तेव्हा तिच्या सरांनी तिला बोलावून समजावलं होतं. म्हणाले, तू हुशार आहेस, हृदयाकडे जा, कॅन्सरकडे जा, लोक मान देतील. या विषयात काय आहे? बायका रडतात आणि पुरुष पळतात.

“मग पळणाऱ्यांना धरून आणायला कुणीतरी हवंच की, सर,” ताई म्हणाली.

सर महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. ती मात्र तोच विषय घेऊन पास झाली.

तिच्या खोलीत सुरुवातीला पेशंटसाठी तीन खुर्च्या होत्या. तिसरीवर सासू बसायची, आणि एकदा सासू बसली की बाकीच्या दोघांना काही कामच उरायचं नाही. सुनेची पाळी कधी आली, इथपासून मुलगा सकाळी किती दूध पितो इथपर्यंत सगळी उत्तरं सासूच द्यायची. एके दिवशी ताईने ती तिसरी खुर्ची स्वतः उचलली, बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तिच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत, एक नवऱ्याची आणि एक बायकोची. बायको एकटी आली तर ती गोड बोलून परत पाठवते. आणि दोघं आले की पहिला प्रश्न नवऱ्याला, पहिली तपासणीही नवऱ्याचीच.

याचं कारण ती सगळ्यांना एकाच पट्टीत सांगते. पुरुषाची तपासणी एका डबीत आटोपते. बाईची म्हणजे सुया, औषध आत सोडून काढलेले फोटो, पोटात घातलेली दुर्बीण. सोपं आहे ते आधी करावं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. शिवाय जवळजवळ निम्म्या जोडप्यांत नवऱ्याच्या बाजूनेही काहीतरी निघतंच. डबीसुद्धा घरून आणलेली चालत नाही, तिथेच द्यावी लागते, कारण एका गृहस्थाने स्वतःची म्हणून धाकट्या भावाची आणून दिली होती.

एवढा सरळ नियम, पण लोकांना मिरची लागल्यासारखं व्हायचं. “माझ्या मुलाला तपासणार? त्याला काय धाड भरलीय?” अशा आरोळ्या पॅसेजभर ऐकू यायच्या. तक्रारी वाढल्या तसं हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी ताईला बोलावलं आणि सांगितलं, एक तर नियम सोडा, नाहीतर ही खोली सोडा. ताईने खोली सोडली.

तिला तळघरात टाकलं. एका बाजूला चादरी धुण्याचा विभाग, दुसऱ्या बाजूला झोपेच्या तक्रारींचा. अधीक्षकांना वाटलं, आता बसेल गप्प. पण त्यांनी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. वरच्या मजल्यावर ताईच्या दारात उभं राहायला पुरुषांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खाली मात्र कुणी विचारलं तर सांगायला कारण आयतं होतं. घोरण्याची तपासणी करायला आलोय! घोरण्याची कुणाला लाज नसते. काहींना तर थोडा अभिमानच असतो. बघता बघता अख्ख्या गावातले नवरे घोरायला लागले. तळघरात उतरायचे, इकडेतिकडे बघायचे आणि झोपेचं दार ओलांडून ताईच्या दारात शिरायचे.

शेजारच्या झोपेच्या डॉक्टरांच्या हे लक्षात आलं. ते अबोल माणूस, पण त्यांनी आपल्या बाहेरच्या बाकाचं तोंड हळूच ताईच्या दाराकडे फिरवून ठेवलं. पुढे ताईने त्यांच्याशी लग्न केलं. लोकांना झोपेबद्दल शहाणपण शिकवतात आणि स्वतः टीव्हीसमोर बसल्या बसल्या घोरतात.

आता माझा भाग. लग्नानंतर काही वर्षं गेली आणि सासूबाईंची नजर माझ्या पोटावर बसली. ताईचा आवाज आणि हट्ट कुठून आला, हे सासूबाईंना पाहिलं की कोडं राहत नाही. माझा नवरा पोहायला शिकवतो. खांदे असे की दारातून तिरकं व्हावं लागतं. सासूबाई त्या खांद्यांकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, आणि हिशेब त्यांच्यापुरता संपायचा.

आम्ही ताईकडे गेलो. तिने आम्हाला बसवलंसुद्धा नाही.

“मी तुमची डॉक्टर नाही, मी बहीण आहे,” ती म्हणाली. “तिकडे कोपऱ्यात माझे सहकारी बसतात, त्यांच्याकडे जा. तुमची फाइल मी उघडणार नाही. आणि भिंगवाली, आधी हा तपासून घेईल. तू नाही.”

नवऱ्याने घरी सांगितलं की घोरण्याची तपासणी आहे. तो घोरत नाही. पण सासूबाईंना इतकं पटलं, की आपले वडीलही कसे घोरायचे हे त्या शेजारीपाजारी कौतुकाने सांगत सुटल्या. तपासणी झाली, काही आठवड्यांनी परत झाली. दोन्ही वेळा तेच निघालं. शुक्राणू फार कमी, आणि आहेत तेही मंद. डॉक्टर म्हणाले, उपाय आहेत, वेळ लागेल, घाबरू नका. माझ्यात काही दोष नव्हता.

रिक्षात नवरा म्हणाला, “आईला इतक्यात सांगू नकोस हं. मी सांगतो.”

त्याचं ते इतक्यात वर्षभर चाललं. दुकानात माझ्याकडे अशी माणसं येतात, दिसत काही नसतं पण तक्त्यावरची अक्षरं पाठ करून धडाधड म्हणतात. तसा तो रोज जेवायला बसायचा, चेहरा एकदम व्यवस्थित. आणि सासूबाई त्याच्यासमोर मला बोलायच्या. आधी आडून, मग सरळ. वांझ म्हणाल्या, कपाळकरंटी म्हणाल्या. तो मान खाली घालून चपातीचे तुकडे करत बसायचा. मला त्याचा राग यायचा. आजही येतो.

एकदा ताई घरी आली होती. सासूबाईंचा पाढा सुरू झाला तशी मी उठून जिन्यात गेले. ती मागोमाग आली.

“तुम्हाला तोफ म्हणतात ना?” मी तिच्यावरच घसरले. “मग सगळीकडे डागता, इथेच का मूग गिळून बसता?”

“मला काही माहीत नाही,” ती म्हणाली. “मी विचारलेलं नाही. त्या डॉक्टरांनी आपणहून सांगितलं असतं तर त्यांचीच बिनपाण्याने केली असती. तुमच्या दोघांचं जे आहे, ते माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. आईसमोर नाही, कुणासमोर नाही.” मग म्हणाली, “माझा भाऊ आहे तो, चेहरा वाचता येतो मला. पण चेहरा म्हणजे रिपोर्ट नाही. एवढंच सांगते. गप्प बसायचं असेल तर तुला बसावंसं वाटतं म्हणून बस. त्याच्यासाठी बसू नकोस.”

मी का गप्प होते? त्याचं गुपित होतं म्हणून. त्याने स्वतः तोंड उघडावं, असं मला वाटत होतं. मी सांगितलं असतं तर तो जन्मभर माझ्यामागे लपून राहिला असता. पण मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती, हेही खरं आहे.

मग एका सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं की त्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. ओळखीतलीच, समंजस. मला माहेरी पाठवायचं, रीतसर मोकळं करायचं, आणि उद्या कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ताईने डॉक्टर या नात्याने लिहून द्यायचं, की हिला मूल होणार नाही. “चला दोघं,” त्या म्हणाल्या. “आजच्या आज लिहून घेऊ.” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चप्पल शोधत होता. मी पलंगाखालून बॅग काढली आणि सोबत घेतली. परत या घरात यायचं की तिथूनच पुढे जायचं, ते आज ठरणार होतं.

तळघरात बाकावर बरीच माणसं होती. आम्ही आत शिरलो. ताईने एकदा माझ्या बॅगेकडे पाहिलं, एकदा आईकडे.

“हे दोघं बसतील. आई, तू बाहेर थांब.”

“मी का बाहेर? खुर्ची मागव एक.”

“तिसरी खुर्ची नाही.”

“मग उभी राहते.”

“उभं राहायचीही पद्धत नाही इथे.”

“तुझ्या पद्धती तुझ्या पेशंटना शिकव,” सासूबाई कडाडल्या. “मी तुला जन्म दिलाय!” आणि तरातरा टेबलाला वळसा घालून त्या चक्क ताईच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवले. “हं! बघू आता मला कोण उठवतं ते. हिला मूल होणार नाही, असं मला लिहून हवंय, आणि तू मलाच बाहेर काढतेस ना? मग मीच विचारते हिला, तू फक्त ऐक आणि लिही.”

मला वाटलं, आता तोफ धडाडणार. पण ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “विचार. पण त्या खुर्चीवरून विचारायचं असेल तर माझ्या नियमाने. पहिला प्रश्न नवऱ्याला.”

“हात्तिच्या! एवढंच ना?” सासूबाई हसल्या. मुलाकडे वळल्या. “काय रे, तुझी झाली का तपासणी? सांग तिला, मला काही गरज नाही म्हणावं.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. वर्षभर तेच केलं होतं. या वेळी मी बॅग मांडीवर घेतली आणि बॅगेची चेन बघत बसले. मी त्याला मदत करणार नव्हते.

“झाली,” तो म्हणाला.

“झाली? कधी?”

“आई, दोष माझ्यात आहे.” त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. “हिच्यात काही नाही. वर्ष झालं मला कळून. हिला मीच गप्प बसवलं होतं.”

सासूबाई त्याच्या खांद्यांकडे बघत राहिल्या.

“म्हणजे ती घोरण्याची तपासणी...”

“मी घोरत नाही, आई.”

पलीकडे धुलाईची यंत्रं घरघरत होती. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू माझं सगळं ऐकून घेतलंस?”

“घेतलं,” मी म्हणाले. “आता घेणार नाही. एक शब्दही नाही. आणि मी माहेरी जायचं की घरी, ते मी ठरवेन. तुम्ही नाही, आणि हाही नाही.”

एवढ्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. ताई पुढे आली आणि आईच्या दंडाला हात लावला.

“ऊठ, आई. बाहेर पेशंट थांबलेत.”

त्या उठल्या. वाटेत मुलाच्या खुर्चीपाशी थांबल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला आणि बाहेर गेल्या. नवरा रडत होता. मी त्याला रुमाल दिला, आणि त्याला हेही सांगितलं की घरी आलेच तर बॅग तो उचलेल. त्याने उचलली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सासूबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई, आणि तिच्या पलीकडे पदराशी चाळा करत बसलेली तिची सून. डोळे रडून लाल झालेले.

“मुलगा कुठाय तुमचा?” सासूबाईंनी विचारलं.

“त्याला कशाला आणायचं? तो ठणठणीत आहे,” ती बाई म्हणाली.

“माझाही ठणठणीतच आहे,” सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असा. “जा, घेऊन या त्याला. ती आत बसलीय ना, ती माझी मुलगी आहे. तिने स्वतःच्या भावाला सोडलं नाही, तर तुमच्या मुलाला काय सोडणार? आणि यायची लाज वाटत असेल तर घोरतो म्हणून सांगा.”