मोडनिंबला परत गेलेलं तारयंत्र

नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. जुनी तारयंत्रं भंगारातून, लिलावातून गोळा करायची, चिंचेनं घासून पितळ लख्ख करायचं आणि हौशी लोकांना विकायची, हा माझा धंदा. घरातल्या समईला कधी हात लावत नाही, असं बायको ऐकवते. इतकी वर्षं झाली, पण तारेची ठोक्यांची भाषा मात्र मी शिकलो नाही. काय अडलंय, असं वाटायचं.

एके सकाळी मोडनिंबहून एक काकू आल्या. त्यांचे यजमान निवृत्त तारमास्तर; त्यांचं यंत्र मी वर्षापूर्वी विकत घेतलं होतं. मध्यंतरी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. डाव्या हातानं लिहायला गेले तर नुसत्या रेघोट्या.

"दिवसभर पलंगावर टकटक करत्यात," काकू म्हणाल्या. "कायतरी सांगायचं हाय त्यास्नी. मला कळंना. ते यंत्र हाय का तुमच्याकडं?"

होतं! मला इतका आनंद झाला, की दुकान बंद करून, यंत्र घेऊन त्यांच्याबरोबर एसटीतच बसलो.

पलंगावर पाट ठेवून मी यंत्र मांडलं, बॅटरी आणि बझर जोडला. मास्तरांनी दाबून पाहिलं आणि माझ्याकडे रागानं बघितलं. घासताना मी स्क्रू मनाला येईल तसे आवळले होते. ते त्यांनी डाव्या हातानं सैल केले आणि ठोकायला लागले. कट्ट, कडकट्ट. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. मलाही गहिवरून आलं.

आवाज ऐकून शेजारीपाजारी जमले. आवाज ऐकून शेजारीपाजारी जमले. "उत्तर येईस्तवर बसा की समदी," म्हणत काकूंनी चहा केला. मग पोहे. मग पुन्हा चहा ठेवला. मास्तर तेच तेच ठोकत होते, आणखी जोरानं. आम्ही आपले "वा मास्तर!" करत बसलो.

तेवढ्यात उत्तर आलं. इंग्रजीतल्या तारेचा अर्थ गिऱ्हाइकानं मराठीत लिहिला होता.

"काय म्हणत्यात?" काकूंनी चुलीपासून विचारलं.

मला लाज वाटली, पण वाचलं. "ही पहाटेपासून उभी आहे. सगळे घरी जा."

काकू बाहेर आल्या आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच पलंगाच्या कडेला टेकल्या.